खोटं अस्वल, खरं अस्वल

द्वारकेला पोस्टिंग झाली म्हणून गावी फोन केला, तर चुलत्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मग घरातनं समुद्र दिसतो का?" त्यांना गुजरातची द्वारका वाटली. ही दिल्लीची. विमानतळाला लागून वसलेली, पूर्वी पप्पनकलां म्हणून ओळखली जाणारी, सेक्टरच्या नंबरांवर चालणारी. इथे समुद्र नाही. गॅलरीत उभं राहिलं की सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि डोक्यावरून चाकं खाली सोडलेली विमानं जातात. पहिले पंधरा दिवस प्रत्येक विमानाला माझी मान आपोआप वर व्हायची. आता होत नाही.

तेवीस वर्षांच्या नोकरीत बायको-मुलाबरोबर एका छताखाली सलग राहायची ही दुसरीच वेळ. पहिल्या वेळी पोरगा तीन वर्षांचा होता, आता अकरावीत आहे. मधल्या काळात तो मोठा झाला तो मी सुट्टीला येऊन हप्त्याहप्त्याने पाहिला. त्यामुळे इथे आलो तेव्हा आम्ही दोघं एकमेकांशी नव्या पलटणीत आलेल्या माणसांसारखे वागत होतो. जेवलास का, अभ्यास झाला का, मोबाइल ठेव. एवढंच.

शनिवारी संध्याकाळी आमचं जेवणाचं टेबल त्याच्या ताब्यात असतं. चार जण येतात. वरच्या मजल्यावरचा सरदार मुलगा, हवाई दलातल्या एका वॉरंट ऑफिसरची चष्मेवाली मुलगी आणि शाळेतले दोघं. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे पंच, कथेकरी आणि शत्रूपक्ष हे तिन्ही तोच. आमच्या घरी हा मान चिरंजीवांचा. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जंगलातला ड्रूइड, जो जनावराचं रूप घेऊ शकतो. जे काही घडतं ते तोंडाने सांगून घडतं आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. मला हे पोरखेळ वाटायचं. अकरावीला गेलेलं पोर राक्षस-राक्षस खेळतंय, म्हणून मी एक-दोनदा कुरकूरही केली. बायको म्हणाली, "घरात बसून खेळतोय ना? मग गप बसा."

एका शनिवारी चहाचा ट्रे घेऊन गेलो आणि तिथेच थांबलो. टेबलावर चौकटीच्या कागदावर खिंड काढलेली होती. मधून नाला, दोन्ही अंगाला चढ, वळणावर पाच लाल बटणं, अलीकडे चार निळी. हे सॅण्ड मॉडेल होतं. वाईट बनवलेलं होतं, पण सॅण्ड मॉडेलच.

ज्यांनी पलटणीत सॅण्ड मॉडेल केलंय त्यांना सांगायला नको. लाकडाचा भुसा आणायचा, हिरवा रंगवून वाळवायचा, नाल्याला नीळ, रस्त्याला चुना, ग्रिडला लोकरीचा धागा. रात्रभर जागून टेकडीचा उतार बरोबर आणायचा आणि साहेब यायच्या पाच मिनिटं आधी लंगरचं कुत्रं त्यावरून चालत जाणार. मी नाईक असल्यापासून हे काम माझ्याकडे. तेव्हा पोरांना म्हटलं, "हा नाला वर चढतोय. पाणी उलटं वाहतं का तुमच्याकडे?" पोरं हसली. चिरंजीव हसले नाहीत, पण त्यांनी खोडरबर घेतलं.

नंतर वाचलं तर कळलं की हा खेळ आपल्याच घरातून निघालेला आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापाने आधी वाळूच्या टेबलावर लढाईचा खेळ मांडला, पुढे त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, तो नकाशावर आणून १८२४ मध्ये फौजेपुढे ठेवला. त्याला क्रीगश्पील म्हणतात. त्यात दोन्ही बाजूंमध्ये एक पंच असे आणि ज्याला जेवढं दिसू शकतं तेवढंच तो त्याला दाखवत असे. पुढे शिशाचे सैनिक घेऊन लढाया खेळणारे हौशी लोक आले आणि अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये त्यातून डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. ज्याला जेवढं दिसेल तेवढंच, हा पंच मात्र टिकला.

त्या संध्याकाळी भांडण यावरूनच लागलं होतं. लाल बटणं म्हणजे गॉब्लिन, ठेंगू आणि झुंडीने अंगावर येणारी जमात. निळ्यांपैकी योद्धा जखमी होऊन पडलेला. चष्मेवाली मुलगी जादूगार होती, तीही भ्रमविद्येची. तिने 'सायलेंट इमेज' नावाचा मंत्र टाकला आणि नाल्याच्या तोंडाशी एक मोठी शिळा उभी केली. खोटी. सरदार मुलगा खूश. शाळेतला एक जण म्हणाला, "गॉब्लिन सरळ चालत येतील की, शिळा आहेच कुठे?" दुसरा म्हणाला, "त्यांना काय माहीत ती खोटी आहे?" आमचे पंच पुस्तक चाळत होते.

नियम असा आहे. हा मंत्र साठ फुटांच्या आत, पंधरा फूट लांब-रुंद-उंच जागेत मावेल एवढं कसलंही चित्र उभं करतो. चित्रच फक्त. आवाज नाही, वास नाही. जादूगाराने ध्यान लावून धरलं तर दहा मिनिटं टिकतं. कुणी हात लावला तर हात आरपार जातो आणि भांडं फुटतं. हात न लावता ओळखायचं असेल तर शत्रूला आपली पाळी खर्चून ते नीट निरखावं लागतं, फासा टाकावा लागतो आणि जादूगाराच्या ताकदीएवढा आकडा गाठावा लागतो. हिचा आकडा तेरा होता. साधा गॉब्लिन वीसपैकी आठ वेळा तो गाठतो.

मी विचारलं, "गॉब्लिनांनी हा नाला आधी पाहिला होता का?"

मुलगा म्हणाला, "नाही. आत्ताच वळणावरून आलेत."

"मग त्यांच्या लेखी ती शिळा जन्मापासून तिथेच आहे. सूर्य कुठल्या अंगाला?"

"म्हणजे?"

"सावली कुठे पडते शिळेची?"

सगळे गप्प. आपल्याकडे रिक्रूटला पहिल्या महिन्यात शिकवतात, गोष्टी नजरेला का पडतात: आकार, सावली, चमक, उजेडावर उठणारी कड, एकसारखं अंतर, हालचाल. पोरांनी सावलीचा विचारच केला नव्हता. चष्मेवालीने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सावली मी चित्रातच धरलीय, अंकल." फौजीची पोरगी.

मुलाने निकाल दिला. दोन गॉब्लिन शिळेपाशी थबकले आणि निरखू लागले. दोन चढावरून वळसा घालायला गेले. पाचव्याने वैतागून बाण मारला, तो शिळेतून आरपार गेला आणि ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं त्यांना कळलं. या खेळात लढाईचा एक फेरा म्हणजे सहा सेकंद, आणि तेवढ्यात प्रत्येकाला एकच मोठी कृती करता येते. शिळा दोन फेरे टिकली. बारा सेकंद. तेवढ्यात सरदार मुलाने जखमीला ओढून नाल्याबाहेर काढलं.

शाळेतला मुलगा म्हणत होता, मंत्र वाया गेला, त्यांनी ओळखलंच शेवटी. मी म्हटलं, कुठे वाया गेला? निरखणाऱ्या दोघांनी तेवढा वेळ तलवार चालवली नाही. बाणवाल्याचा बाण कुणाला लागला नाही. वळसा घालणारे चालतच राहिले. लढाईत भ्रमाचं काम शत्रूला कायमचं फसवणं नसतंच, त्याची पाळी खाणं असतं. त्याने विश्वास ठेवला तर उत्तमच, पण त्याला नुसती शंका आली आणि त्याने खात्री करायची ठरवली, तरी किंमत त्यानेच मोजली.

आपल्याकडे हीच गोष्ट लहानपणापासून ऐकतो. १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तोडून महाराज निघाले, तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले आणि मोगल तिकडे धावले, असं सांगतात. हानिबलने रोमनांविरुद्ध इ.स.पू. २१७ मध्ये असंच केल्याची नोंद आहे. मोगलांना घाटात पोचल्यावर बैल दिसलेच असतील. तोवर महाराज सिंहगडाच्या वाटेवर.

एक गोष्ट मात्र मी पोरांना बजावून सांगितली. शिळा खोटी असेल तर ती नजरेची आड आहे, गोळीची नाही. तिच्यामागे लपाल आणि शत्रू अंदाजाने मारेल, तर शिळा काहीही अडवणार नाही. खेळातही तसंच आहे, पुस्तकात तपासून घेतलं. नवीन पोरं झुडपामागे बसतात आणि त्यांना भिंतीमागे बसल्यासारखं वाटतं. झुडूप काय आणि भ्रम काय, सारखेच.

'इन्व्हिजिबिलिटी'चंही तसंच. पात्र अदृश्य होतं, त्याच्यावर वार करणाऱ्याला दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा घ्यावा लागतो. पण दिसत नाही म्हणजे सापडत नाही असं नाही. पाय वाजतात, गवत हलतं. वेगळं लपावं लागतं. आणि स्वतः हल्ला केला की अदृश्यपणा संपला. ज्याने हा नियम केला तो कधीतरी रात्री अँबुशला बसलेला असणार, असं मला वाटलं. पहिली गोळी सुटेपर्यंत तुम्ही नसता, नंतर तुम्हीच सगळ्यांना दिसता.

तिसरा मंत्र 'मिरर इमेज'. जादूगाराभोवती त्याचीच तीन रूपं उभी राहतात आणि त्याच्यासारखीच हलतात. शत्रूने वार केला की फासा टाकायचा. तिन्ही रूपं शाबूत असतील तर सहा किंवा जास्त आला की वार खोट्यावर गेला, म्हणजे वीसपैकी पंधरा वेळा. एक रूप फुटलं की आठ लागतो, दोन फुटली की अकरा. मग निम्मी-निम्मी शक्यता. प्रत्येक खोटं रूप फुटताना खऱ्याचं मरण एक पाऊल जवळ येतं. याला ध्यान धरावं लागत नाही, म्हणून पोरांचा हा लाडका.

मुलाने विचारलं, "बाबा, हे शिवा काशीदसारखं झालं ना?" मित्रांना त्याने हिंदीत सांगितलं: १६६०, पन्हाळा, सिद्दी जौहरचा वेढा, महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीतून गेलेला माणूस. मला ऐकताना बरं वाटलं की याला हे माहीत आहे. मी नसताना कुणीतरी सांगितलं असणार. पण मी म्हटलं, नाही, तसं नाही. मंत्रातलं रूप फुटतं तेव्हा त्याला काही होत नाही. शिवा काशीद पकडला गेला आणि मारला गेला. त्यानेही शत्रूची पाळीच खाल्ली, पण ती खायला स्वतःचा जीव घातला. टेबलावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, खेळ बिघडवला आपण. पण पुढच्या शनिवारी त्यांनी मला खुर्ची ठेवली होती.

त्या शनिवारी मी त्यांना अल अलामेन सांगितलं. १९४२, इजिप्तचं वाळवंट, समोर रोमेल. माळरानावर लपायला झुडूपही नाही. ब्रिटिशांनी रणगाड्यांवर कापडाची खोळ चढवून त्यांना ट्रक केलं, दुसरीकडे खोटे रणगाडे उभे केले, आणि दक्षिणेकडे पाण्याची एक खोटी पाइपलाइन अशा चालीने पुढे सरकवली की विमानातून बघणाऱ्याला वाटावं, ही पुरी व्हायला अजून वेळ आहे, हल्ला इतक्यात नाही. हल्ला २३ ऑक्टोबरला झाला. त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते मुनासिबचं. तिथे खोट्या तोफा मांडल्या आणि त्या खोट्या आहेत हे जर्मनांना कळू दिलं. त्यांनी तिकडे लक्ष देणं सोडलं. मग रात्रीत तिथे खऱ्या तोफा आणून ठेवल्या.

चष्मेवालीने हे ऐकलं आणि काहीच बोलली नाही. पंधरा दिवसांनी वापरलं.

पुन्हा गॉब्लिन, या वेळी आठ, संध्याकाळचा उजेड. तिने एका खडकाआडून अस्वल बाहेर काढलं. सायलेंट इमेज. अस्वल आलं, पण डरकाळी नाही, वास नाही. दोघा गॉब्लिनांनी निरखलं, फासे चांगले पडले, ओळखलं. एकाने त्याच्यातून भाला फिरवून दाखवला. सगळे हसले, म्हणजे मुलाने आठही आवाजांत हसून दाखवलं. तिने अस्वल परत खडकाआड नेलं आणि ध्यान सोडून दिलं. खडकाआड ड्रूइड बसला होता. त्याने आपल्या पाळीला अस्वलाचं रूप घेतलं आणि बाहेर आला. खरं अस्वल.

मग अर्धा तास वाद. शाळेतल्या मुलाचा मुद्दा चोख होता. नियमाप्रमाणे ज्याने भ्रम ओळखला त्याला तो आरपार दिसू लागतो. हे अस्वल आरपार दिसत नाही. म्हणजे गॉब्लिनांना कळायलाच हवं. सरदार मुलगा म्हणाला, कळेल, पण बघतील तेव्हा ना? मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, निर्णय पंचाचा. त्याने डोकं खाजवलं आणि सांगितलं: आठांपैकी पाच जणांनी पाठ फिरवली आहे, ते दुसरीकडे लढतायत. दोघं बघतायत, पण त्यांच्या मनात अस्वल निकालात निघालेलं आहे. एकाची नजर नीट पडली, त्याला हे दाट दिसलं आणि तो ओरडला.

"मग?" चष्मेवालीने विचारलं.

"बाकीचे म्हणाले, अरे खोटं आहे ते."

मी एवढा हसलो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. हसू ओसरल्यावर मात्र एक जुनी पोस्ट आठवली. जागा सांगत नाही. तारेला रिकामे डबे लटकवलेले होते. रात्री डबा वाजला की स्टँड-टू, सगळे मोर्चात, तासभर बोट ट्रिगरपाशी, आणि शेवटी कोल्हा. पहिल्या आठवड्यात डबा वाजला की मिनिटभरात सगळे बाहेर. तिसऱ्या आठवड्यात मी पाहिलं की पोरं बूट घालताना एकमेकांकडे बघतायत. कोल्ह्याने काही केलं नव्हतं, फक्त आमचा विश्वास खाल्ला होता. तेव्हापासून मी डब्यांची जागा दर चार दिवसांनी बदलायचो आणि कोल्ह्याच्या वाटेवरचे काढून टाकायचो. आणि जो ओरडेल त्याला, तो दहाव्यांदा चुकला तरी, कुणी हसायचं नाही, हा माझा हुकूम होता. त्यावर पोरं मनात काय बोलायची ते मला ठाऊक आहे.

आणखी एका जातीचे मंत्र आहेत, ते मला आवडत नाहीत. त्यात चित्र हवेत उभं राहत नाही, एकाच माणसाच्या डोक्यात उभं राहतं. बाकी कुणाला दिसत नाही. 'फँटॅझमल फोर्स' घ्या. शत्रूला वाटतं आपण आगीत उभे आहोत, आणि त्याला खरोखर इजा होत राहते. आग विझली नाही तर त्याचं मनच कारण शोधून देतं. १९७४ च्या पहिल्या पुस्तकातही जवळजवळ याच नावाचा मंत्र होता, तेव्हा हे चित्र सगळ्यांना दिसायचं, आणि नियम होता की बघणाऱ्याने खरं मानलं तर जखम खरी.

असा एक हल्ला द्वारकेच्याच लढाईत झालेला आहे, त्या द्वारकेच्या. वनपर्वात शाल्वाची गोष्ट येते. श्रीकृष्ण राजसूय यज्ञासाठी इंद्रप्रस्थात असताना शाल्वाने सौभ विमानातून द्वारकेवर हल्ला चढवला. पुढे कृष्ण त्याला गाठतो आणि लढाई ऐन भरात असताना एक दूत येतो: तुझे वडील वसुदेव मारले गेले, लढाई सोड, द्वारकेला चल. कृष्ण आधी हिशोब मांडतो. बलराम आहे, सात्यकी आहे, प्रद्युम्न आहे, हे जिवंत असताना वसुदेव कसे मारले जातील? इथपर्यंत फासा बरा पडलाय. तेवढ्यात त्याला सौभातून खाली पडणारा वडिलांचा देह दिसतो, आणि शार्ङ्ग धनुष्य हातातून गळून पडतं. भानावर येऊन बघतो तर देह नाही, काही नाही. माया. पण साक्षात कृष्णाचीही एक पाळी गेली.

ही गोष्ट कृष्ण कधी सांगतो हे मी विसरलो होतो, बायकोने आठवण करून दिली. पांडव द्यूत हरून वनात गेल्यावर. तुम्ही फासे खेळत होता तेव्हा मी का नव्हतो, याचं ते कारण आहे. लढाईवर होतो. आता आपल्या ब्लू लाइनवर द्वारका ते इंद्रप्रस्थ एकच मेट्रो जाते, गाडी बदलावी लागत नाही.

ती गोष्ट सांगितली त्या रात्री पोरं गेल्यावर आम्ही दोघं टेबल आवरत होतो. मी विचारलं, "ही जादूगार मुलगी एका वेळी दोन भ्रम का नाही टाकत? शिळा पण आणि अस्वल पण."

"ध्यान एकावरच लागतं, बाबा. दुसऱ्यावर लावलं की पहिलं संपतं. आणि मार लागला तर फासा टाकावा लागतो. दहा गाठायचे, किंवा जेवढा मार लागला त्याचं निम्मं, जे मोठं असेल ते. नाही गाठलं तर भ्रम गेला."

"म्हणजे भ्रम धरणाऱ्याला दुसरं काही धरता येत नाही."

"त्या जातीचं दुसरं काही नाही."

तो फासे डबीत भरत होता. मग मान वर न करता म्हणाला, "तुम्ही जनरेटरजवळून फोन करायचात ना, तसं."

मी काही बोललो नाही. त्याचं तिसरी-चौथीचं वर्ष. आमची पलटण तेव्हा अशा ठिकाणी होती जिथे आठवड्यातले काही दिवस समोरून फायर यायचा. फोन लागायचा तो ठरावीक जागेवरून आणि मागचा आवाज घरी ऐकू जाऊ नये म्हणून त्या दिवशी मी लंगरमागच्या जनरेटरला खेटून उभा राहायचो. बायको विचारायची, हा कसला घरघराट? मी म्हणायचो, लाइट गेलीय, जनरेटर चालू आहे, बाकी सगळं शांत, आज तर मटण होतं. बोलताना पूर्ण लक्ष आवाजावर. मुलगा शाळेचं काय सांगतोय ते कानावर पडायचं, आत जायचं नाही.

"तुला कसं कळलं?"

"ज्या दिवशी जनरेटर असायचा, त्या रात्री टीव्हीवर बातमी असायची. मी वहीच्या मागे लिहून ठेवायचो. अकरा वेळा जुळलं."

नऊ वर्षांचं पोर. पाळी खर्चून निरखत बसलेलं, एकटं.

"आईला नाही सांगितलंस?"

"तिला ते खरं वाटत होतं ना." त्याने डबीचं झाकण लावलं. "एकाने ओळखलं की त्याच्यापुरतंच आरपार दिसतं, बाबा. बाकीच्यांसाठी ते तसंच राहतं. नियमच आहे."

एप्रिलमध्ये माझी इथली दोन वर्षं संपतात आणि पलटण पुन्हा वर जाते आहे. या वेळी फोन कुठून करायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे लिहून झाल्यावर आधी बायकोला वाचायला दिलं. तिला यातलं काही माहीत नाही असं धरूनच दिलं होतं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं, शाल्वाच्या ठिकाणी एक शब्द दुरुस्त केला, कागद परत दिला आणि म्हणाली, "अहो, एवढे दिवस जनरेटर चालवायला डिझेल कोण देत होतं तुम्हाला?"